सात वाजताचं रक्त

रोज सकाळी सात वाजले की ऋतुजाच्या फोनवर सासूबाईंच्या रक्ताचा आकडा यायचा. चहाचा कप हातात धरून ती तो बघायची, मनातल्या मनात कालच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि मगच दवाखान्यात जायच्या तयारीला लागायची.

त्या दिवशी आकडा होता तीन पूर्णांक एक.

काल दोन पूर्णांक तीन होता. परवा त्याहून थोडा कमी. उतरायला हवा असलेला आकडा चढत होता.

ऋतुजानं कप ओट्यावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगण रिकामं होतं. तुळशीपाशी ओल्या पावलांचे दोन ठसे अजून वाळायचे होते. अव्वा, म्हणजे सासूबाई, दर्शनाला बस्तीत, जैन मंदिरात गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर सासरे, अप्पा. ही त्या दोघांची लग्नापासूनची पद्धत. अव्वा आत जिनबिंबासमोर, अप्पा बाहेरच्या कट्ट्यावर, अव्वांच्या चपला सांभाळत. "तुझं पुण्य आत, माझं बाहेर," असं अप्पा म्हणायचे. अव्वा त्यावर कधी काही बोलायच्या नाहीत, पण गंधोदकाचं, देवाच्या अभिषेकाच्या पाण्याचं, एक बोट अप्पांच्या कपाळाला लावल्याशिवाय घराकडे निघायच्याही नाहीत.

आठवडाभरापूर्वी ह्याच अव्वांना श्वास पुरत नव्हता. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता. ऋतुजा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर, त्यामुळे सासूबाई तिच्याच वॉर्डात दाखल झाल्या. औषध समोर आलं तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऋतुजा, ह्या औषधानं किती जीव मरतील गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ऋतुजा हसली असती. पण ही बाई रोज पहाटे विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि गाळून झालं की ते फडकं उलटं करून त्यावर पाणी घालून, फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव परत त्याच विहिरीत सोडायची. रोज सकाळी त्यांचा त्या दिवसाचा नियम ठरायचा. आज किती पदार्थ खायचे, गोड, मीठ, तूप यांतला कुठला रस सोडायचा, घरापासून किती लांब जायचं. एकदा ठरलं की ठरलं.

"मोजता येणार नाहीत एवढे मरतील, अव्वा," ऋतुजा म्हणाली.

"आणि नाही घेतलं तर?"

"तर एकच. पण तो एक आम्हाला हवा आहे."

अव्वा हसल्या, हसता हसता खोकल्या. "बोलण्यात हरायची नाहीस तू. घेते. शरीर आहे तोवर ते सांभाळायलाच पाहिजे. पण लागेल तेवढंच हं. पानात वाढताना पुरे म्हणता येतं. ह्या औषधाला पुरे कोण म्हणणार?"

"ही म्हणेल," म्हणून ऋतुजानं त्यांच्या दंडावर टिकली लावली होती.

सरकारी कागदांत तिचं नाव लांबलचक होतं, पण सगळा महाराष्ट्र तिला टिकलीच म्हणायचा. जुन्या रुपयाएवढी चकती, आत केसाहून बारीक सुयांची रांग. ठरल्या वेळी त्यांतली एक नवी सुई पुढे यायची, रक्ताचा कण घ्यायची आणि मागे जाऊन कायमची बंद व्हायची. दुखायचं तर नाहीच, कळायचंही नाही.

टिकली रक्तात मुख्यतः एकच गोष्ट शोधायची. जीवाणू शरीरात शिरून धुमाकूळ घालू लागले की जागोजागच्या पेशी एक प्रथिन रक्तात सोडू लागतात. प्रोकॅल्सिटोनिन त्याचं नाव. निरोगी माणसाच्या रक्तात ते नावालाच असतं. विषाणूंच्या साध्या सर्दीतापात ते फारसं हलत नाही. जीवाणूंचा जोर झाला की मात्र काही तासांत चढतं, आणि औषध लागू पडून जीवाणू आटोक्यात आले की दिवसाला साधारण निम्मं निम्मं होत उतरतं. पूर्वीचे डॉक्टर पाच दिवस, सात दिवस, दहा दिवस असं अंदाजानं औषध लिहून देत. ज्याला तीन दिवस पुरले असते तोही दहा दिवस घेई आणि ज्याला मुळात जीवाणूंचा आजारच नव्हता तोही. त्या उरलेल्या दिवसांत अंगातले बाकीचे जीवाणू ते औषध पचवायला शिकत गेले. असं होता होता एक वेळ अशी आली की साध्या मूतखड्याच्या ऑपरेशननंतर माणसं दगावू लागली, कारण कुठलंच औषध चालेना.

त्यानंतर कायदा आला. प्रतिजैविकांची तीन कपाटं झाली. पहिल्या कपाटातली औषधं टिकलीच्या आकड्यावर सुरू व्हायची आणि टिकलीच्याच आकड्यावर थांबायची. घरी नेलेल्या गोळ्या एका छोट्या कुलूपडबीत असायच्या. सकाळी सातचा आकडा आला आणि अजून औषध लागतंय असं ठरलं, तर डबी उघडून एक दिवसाच्या गोळ्या द्यायची. आकडा पावाखाली गेला की डबी उघडायचीच नाही. तिसरं कपाट अगदी शेवटच्यासाठी होतं. त्यातलं औषध जीवाणूंना भारी आणि मूत्रपिंडांनाही भारी.

अव्वांची मूत्रपिंडं जुन्या रक्तदाबानं आधीच निम्मी थकलेली होती.

वॉर्डातून घरी जायच्या दिवशी टिकली तपासायला आलेल्या पोराला अव्वांनी विचारलं होतं, "बाळ, ह्याला चिकटवायला काय वापरतात?"

"जिलेटिन, आजी. प्राण्यांच्या हाडांपासून करतात."

अव्वा जरा वेळ डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "अंघोळीला काढली तर चालते काय?"

"चालते की. पुसून परत लावायची."

ऋतुजा तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईचं हृदय ऐकत होती. हे बोलणं तिच्या कानावर पडलं आणि तिथंच राहिलं.

*

आठच्या सुमाराला केंद्रातून डॉ. इनामदारांचा फोन आला. जिल्ह्यातल्या सगळ्या टिकल्यांवर त्यांचं लक्ष असायचं. ऋतुजाला त्यांनी शिकवलं होतं.

"तीन पूर्णांक एक, ऋतुजा. घरी गेल्यापासून रोज चढता. पहिलं कपाट ह्यांना लागू पडत नाहीये."

"सर, त्यांची छाती साफ आहे. कालच तपासली. ताप नाही, भूक आहे. काल त्यांनी चटणीसाठी शेंगदाणे कुटले."

"वय किती?"

"अडुसष्ट."

"ह्या वयात ताप दिसत नाही, माणूस हिंडतं फिरतं आणि अचानक कोसळतं. तूच मला अशा केसेस दाखवल्यास. तिसरं कपाट उघडावं लागेल. तुझी सही दुपारी बारापर्यंत आली तर औषधाची गाडी लगेच सोडतो. मूत्रपिंडांचं मलाही कळतंय. पण आधी माणूस."

फोन ठेवला तोवर बंगळूरहून नवऱ्याचा, अभिनंदनचा आला. केंद्राचा निरोप त्यालाही गेला होता.

"सही कर," तो म्हणाला. "आईला मी समजावतो."

"तू? आईला? तू अजून तिला कांदा खातोस हे सांगितलेलं नाहीस."

"चेष्टा नको, ऋतू. तू डॉक्टर आहेस म्हणून मी इथं निवांत आहे. नाहीतर परवाच निघालो असतो."

ऋतुजाकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की डॉक्टर म्हणून ती सही करायला तयार होती आणि सून म्हणून तिचा हात उचलत नव्हता. तिसऱ्या कपाटातल्या औषधानंतर आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायला येणारी माणसं तिच्याच वॉर्डासमोरच्या बाकावर बसायची.

फाटक वाजलं. अव्वा पुढे, कपाळावर चंदनाचं बोट, हातात पूजेची रिकामी द्रोणी. मागे अप्पा, अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली.

अप्पा, भूपाल हेरवाडे, म्हणजे कुरुंदवाड एसटी आगारातले निवृत्त वाहतूक नियंत्रक. गाड्या पुकारून पुकारून आवाज असा झाला होता की घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या गल्लीतलं कुणी तांब्या घेऊन यावं. गेले काही दिवस मात्र तो आवाज बसल्यासारखा झाला होता.

"अप्पा, चैत्रात शाल?" ऋतुजानं विचारलं.

"कट्ट्यावर वारं असतंय," म्हणत ते सरळ मागच्या दारानं परसात गेले.

ऋतुजानं अव्वांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आकडा, तिसरं कपाट, मूत्रपिंडं, बाराची वेळ. अव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हणजे पहिल्या औषधानं माझ्यातले ते मेलेच नाहीत?"

"आकडा तसं म्हणतोय."

"आणि तू काय म्हणतीस?"

"माझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे, अव्वा?"

"तू रोज छातीला कान लावतीस. तुला काय ऐकू येतंय?"

"काही नाही. श्वास स्वच्छ आहे."

"मग मी नाही घ्यायची ते दुसरं. पहिल्याला हो म्हणाले ते एका अटीवर. लागेल तेवढंच. हे लागतंय असं माझं अंग म्हणत नाही आणि तुझा कानही म्हणत नाही."

ऋतुजाचा इतक्या वेळचा धीर सुटला. "अव्वा, तुमच्या नियमापुढं माझं शिक्षण म्हणजे काहीच नाही का? उद्या तुम्हाला काही झालं तर अभिनंदन मला काय म्हणेल? मी स्वतःला काय सांगू? माझ्या सासूला जीवाणूंची दया आली म्हणून मी गप्प बसले?"

घरात एवढ्या मोठ्यानं आजवर फक्त अप्पाच बोलले होते. अव्वांनी मान खाली घातली. रागावल्या नाहीत. त्यांनी ऋतुजाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझी भीती मला कळती गं. माझा हट्ट म्हणून नको. पण बाराला अजून अवकाश आहे नव्हं? मग सही करायच्या आधी परत एकदा बघ की."

"आता? वेळेबाहेर बघितलं की एक सुई जास्तीची जाते."

"जाऊ दे. तांदूळ निवडताना शंका आली तर मी परत निवडते."

अव्वांनी दंड पुढे केला. टिकली जागेवर होती. ऋतुजानं फोनवरून तिला हुकूम दिला आणि दोघी वाट बघत बसल्या. परसातून बादली सरकल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग परत दाराचा.

आकडा आला.

शून्य पूर्णांक एक.

ऋतुजाला पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, बिघडलं असेल तर सकाळचाच आकडा खोटा. आणि मग ती तशीच खुर्चीत बसून राहिली, कारण डोक्यात काहीतरी अडलं होतं. सकाळी सातला तीनच्या वर. आता दहाही वाजले नव्हते. हे प्रथिन शरीरातून जाताना घाई करत नाही. निम्मं व्हायलाच त्याला एक दिवस लागतो. तीनचं शून्य पूर्णांक एक व्हायचं तर पाचेक दिवस हवेत. पंचगंगेचा पूर सकाळी दारात आणि न्याहारीच्या वेळी पात्रात, असं कधी झालंय?

यंत्र दोन्ही वेळा खरं बोलत असेल तर एकच अर्थ होता. हे एका माणसाचं रक्त नव्हतं.

"अव्वा," तिनं हळूच विचारलं, "सकाळी सात वाजता टिकली कुठं असते?"

अव्वा खोटं बोलत नसत. तो त्यांचा रोजचा नियम नव्हता, जन्माचा होता.

"चांदीच्या डबीत. ह्यांच्याकडं, कट्ट्यावर."

"तुम्ही ती काढता?"

"तो पोरगा म्हणाला, अंघोळीला काढली तर चालते. अंघोळ केली की मी ओलेत्यानं सोवळं नेसते, मधे कशाला शिवत नाही, कुणाशी बोलत नाही, सरळ देवापुढं जाते. दर्शन होईपर्यंत माझी अंघोळ संपलेलीच नसते. हाडाच्या खळीची वस्तू अंगावर घेऊन मी भगवंतासमोर कशी जाऊ? बाहेर आले की लगेच लावते." मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका आली. "चुकलं काय गं?"

"पण घरी आल्यावर गोळ्यांची डबी उघडलेली असायची ना?"

"रोज. म्हणून तर मला वाटलं, डबीत ठेवली तरी तिचं तिला कळतंय."

"चांदीच्या डबीतल्या टिकलीला रक्त कुठून मिळणार, अव्वा?"

दोघींनी एकदमच परसाच्या दाराकडे पाहिलं. अप्पा उंबऱ्यात उभे होते आणि छताच्या पंख्याकडे असं बघत होते, जणू तो आजच बसवलाय.

"अप्पा?"

"काय?"

"टिकली तुम्ही स्वतःला लावत होतात?"

अप्पांनी घसा खाकरला. "मग काय करू? पहिल्या दिवशी माझ्या खिशातला हिचा फोन बोंब मारायला लागला की. पट्टी निघाली, पट्टी निघाली. अख्खी बस्ती वळून बघायली. आणि सातला आकडा गेला नाही तर गोळी मिळत नाही म्हणून त्या पोरानं सांगितलेलं. हिची गोळी चुकली असती. मी आपली दंडाला चिकटवली. लगेच गप्प झाला."

"आणि मला सांगितलं नाही तुम्ही," अव्वा म्हणाल्या.

"तू दर्शनाहून आलेली. तुला कशाला त्रास? एक प्रवासी चढला नाही म्हणून गाडी थांबवायची असते काय? मी बसलो त्याच्या जागी. गाडी वेळेवर सुटली."

ऋतुजाला हसू फुटलं. इतक्या दिवसांचा ताण त्या हसण्यातून बाहेर पडत होता. मूत्रपिंडं वाचली. तिसरं कपाट नको, सही नको. अव्वा केव्हाच बऱ्या झाल्या होत्या.

आणि हसता हसता ती थांबली.

परवाचा आकडा, कालचा दोन पूर्णांक तीन, आजचा तीन पूर्णांक एक. ते कुणाचं तरी खरं रक्त होतं.

तिनं उठून अप्पांच्या कपाळाला हात लावला. सून होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. अप्पा इतके चकित झाले की मागेही सरले नाहीत. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"कुठं दुखतंय, अप्पा?"

"कुठं न्हाई."

"थंडी वाजून येते?"

"कट्ट्यावर वारं..."

"अप्पा, खरं सांगा."

अप्पा जाऊन कॉटवर आडवे झाले, तोंड भिंतीकडे केलं आणि शाल कानावर ओढली. ऋतुजा पुढे निघाली तशी अव्वांनी तिला खुणेनं थांबवलं.

"मी विचारते. तू जरा आत जा."

"अव्वा, मी डॉक्टर आहे."

"आहेस. पण त्यांची सून पण आहेस. पन्नास वर्षं संसार केला मी ह्यांच्याबरोबर. तू असताना नाही बोलायचे."

"मी आत गेले तर मला प्रश्न कसे विचारता येतील?"

शेवटी तोड निघाली ती अशी. ऋतुजा खोलीच्या त्या टोकाला दाराकडे तोंड करून उभी राहिली. अप्पा भिंतीकडे तोंड करून. मधे अव्वा, कॉटच्या कडेला.

"तिला सांग," शालीतून आवाज आला, "लघवीला सारखं जावं लागतंय."

"ऋतुजा, हे म्हणतात की..."

"ऐकलं, अव्वा. जळजळ होते का विचारा."

"अहो, ती विचारती..."

"होती म्हणावं. लई."

"ऋतुजा, होती म्हणतात. लई."

"पाठीत, बरगड्यांच्या खाली दुखतं का?"

ह्या वेळी अव्वांनी निरोप पोचवायच्या आतच शालीतून उत्तर आलं. "डावीकडं."

मग अव्वांनी आपणहून एक प्रश्न विचारला, जो ऋतुजानं दिला नव्हता. "कधीपासनं?"

शाल आणखी वर सरकली.

"तू दवाखान्यात होतीस तवापासनं. तुझं एवढं चाललेलं. त्यात माझं ते कुठं सांगत बसू? आणि सांगायचं कुणाला, तर डॉक्टर कोण, आमचीच सूनबाई."

अव्वांनी शालीवर हात ठेवला. ऋतुजानं दाराकडे तोंड केलेलंच होतं. तिनं ते तसंच ठेवलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि सर्वांसमोर रडायचीही ह्या घरात पद्धत नव्हती.

*

मूत्रमार्गातला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता आणि तिथून रक्तात उतरायच्या बेतात होता. आणखी एक-दोन दिवस अप्पांनी ते कट्ट्यावरच्या वाऱ्यावर ढकललं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. आता मात्र पहिल्या कपाटातलंच एक साधं, जुनं औषध पुरणार होतं.

डॉ. इनामदारांना फोनवर सगळं सांगून झालं तेव्हा ते इतके मोठ्यानं हसले की ऋतुजानं फोन कानापासून लांब धरला. आणि मग तितकेच गंभीर झाले.

"त्या बाई हो म्हणाल्या असत्या तर आज त्यांना आपण ते औषध दिलं असतं. गरज नसताना. आणि तुझ्या सासऱ्यांना कुठलंच दिलं नसतं, गरज असताना."

"हो, सर."

"आकडा बरोबर होता. तो कुणाचा, हे आपण विचारलंच नाही. ह्यापुढच्या टिकलीनं आधी माणूस ओळखला पाहिजे. रक्तगट बघेल, आणखी दोन खुणा बघेल. मी आजच लिहितो. आणि ती खळ. झाडाच्या डिंकाची करायला काय हरकत आहे? आपण फक्त चिकटते का एवढंच बघितलं. कोण कोण ती काढून ठेवत असेल ह्याचा विचार कुणी केला?"

अव्वांच्या गोळ्या त्याच दुपारी बंद झाल्या. ऋतुजाला वाटलं होतं त्या खूश होतील. पण त्या देव्हाऱ्यासमोर बसून बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हणजे दोन दिवस मी जास्तीचं घेतलं, होय ना?"

"साधारण तेवढंच. त्यानं तुम्हाला काही अपाय झालेला नाही."

"मला नाही गं." त्यांनी मांडीवरचं जपमाळेचं सूत सरळ केलं. "दोन दिवस गोड सोडते."

"अव्वा, तुमची चूक नव्हती. चूक आमच्या यंत्राची. फार तर अप्पांची."

"असू दे कुणाची. जीव तर गेले."

ऋतुजाला एकदम सांगावंसं वाटलं, की पूर्वीच्या डॉक्टरांना तुमच्यासारखं वाटलं असतं तर तिसरं कपाट करायची वेळच आली नसती. पण तिनं नुसती मान हलवली आणि त्या दिवशी स्वतःही चहात साखर घातली नाही.

*

अप्पांच्या वॉर्डात जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्यामुळे रोज सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर अव्वा बसलेल्या दिसायच्या, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत अप्पांच्या चपला. नर्सनं सांगितलं, आजी, त्या खाली ठेवा, कुणी नेत नाही. अव्वा म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्यांनी माझ्या सांभाळल्या. आता माझी पाळी." त्या आठवड्यात रोज सकाळी त्यांनी नियम केला तो दोनच ठिकाणांचा, घर आणि दवाखाना. दर्शन त्या घरच्या देव्हाऱ्यासमोरच करत होत्या.

सात वाजले. ऋतुजाच्या फोनवर आकडा आला. अप्पांच्या दंडावरच्या टिकलीचा. कालच्या निम्म्याहून खाली, पावाच्या आत. ह्या वेळी तिनं आधी दंड पाहिला, मग आकडा.

"अव्वा, आत या," तिनं दारातून हाक मारली. "एकच विचारायचं राहिलंय, मग औषध थांबवू."

अव्वा आत आल्या आणि सवयीनं कॉटच्या कडेला, मधोमध बसल्या. ऋतुजा सवयीनं दाराकडे वळली.

"अहो, ती विचारती, आता जळजळ..."

"राहू दे," अप्पा म्हणाले.

त्यांनी शाल बाजूला केली, उठून बसले, भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि थेट ऋतुजाकडे पाहिलं.

"सूनबाई, इकडं बघ. मी सांगतो."

आणि कुरुंदवाड आगारातला तो जुना आवाज, आठवडाभर बसलेला, एकदम परत आला.

"जळजळ बंद! पाठ दुखायची बंद! झोप वेळेवर!"

पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसली. औषधाची गाडी ढकलणारी नर्स जागीच थांबली. अव्वांनी पदर तोंडाला लावला, पण त्याच्याआड त्यांचे खांदे हलत होते.

"अप्पा, हळू," ऋतुजा म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

"का? तूच म्हणालीस, खरं सांगा." मग त्यांनी आवाज उतरवला, दंडावरच्या टिकलीकडे बोट केलं आणि विचारलं, "आता हिला विचार. पुरे म्हणती काय?"

"म्हणते," ऋतुजा म्हणाली. "पुरे."

अव्वांनी पिशवी उघडली आणि अप्पांच्या चपला कॉटखाली, पायाला सापडतील अशा सरळ ठेवल्या.